सासूबाईंच्या रायफलचं माप

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सासूबाई बाहेर आल्या, नातीला कडेवर घेतलं, तिचा मुका घेतला आणि दुसऱ्या मिनिटाला मुलाला म्हणाल्या, "फोन लाव बघू गावाला. ठाण्यात पावती नीट दिलीय का इचारायचं हाय."

ठाण्यात म्हणजे पोलीस ठाण्यात, आणि पावती रायफलची. सहा महिन्यांसाठी परदेशी जायचं तर रायफल घरात ठेवून कसं चालेल, म्हणून त्या ती जमा करून आल्या होत्या. आमच्या टॅक्सीचा चिनी ड्रायव्हर सामान चढवत होता. त्याला मराठी येत नव्हतं म्हणून बरं.

मी पुण्याची. माझ्या माहेरी पाल घालवायची तरी शेजारच्या काकांना हाक मारायचो. आणि सासर हे असं. आजऱ्याकडच्या डोंगरातलं गाव, भात आणि भुईमूग, आणि पीक हाताशी आलं की रानडुकरांच्या झुंडी. एका रात्रीत अख्खं वावर नांगरल्यागत करून जातात. म्हणून सासऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची रायफल होती, आणि वनखात्याची परवानगी काढून ते हंगामात शेतावर बसायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि रायफल वारसाहक्काने सासूबाईंच्या नावावर झाली. चालवायला त्या आधीच शिकल्या होत्या, सासऱ्यांनीच शिकवलं होतं. घर समाईक, शेत समाईक, विहीरसुद्धा दिरासोबत समाईक. एकटीच्या नावावर त्या बाईच्या आयुष्यात एवढी एकच वस्तू होती, आणि ती होती ती रायफल.

आणि नेमकी तीच हातातून जायची वेळ आली होती. नवरा गेल्यापासूनच्या दोन्ही हंगामांत सासूबाईंचा नेम एकदाही लागला नव्हता. बार व्हायचा, डुकरं पळायची आणि तासाभराने परत यायची. त्यांनाही कळलं असावं की ही बाई नुसती आवाज करते. आजूबाजूच्या शेतवाल्यांची कुजबुज सुरू झाली, आणि दिरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या काकांनी, तोंडावरच सांगितलं, "वहिनी, परवान्याची मुदत संपतीय, तवा माझ्या नावावर करून टाकू. बायमाणसाचं काम न्हवं हे." पुढच्या हंगामापर्यंत बघू, एवढंच म्हणून सासूबाई विमानात बसल्या होत्या.

हे सगळं मला एका दमात कळलं नाही. मी खोदून खोदून काढलं. मला चौकशीची खोडच आहे. माझी आई म्हणायची, या पोरीला तेरवीच्या जेवणाला नेलं तरी विचारेल की गेले कसे. बाळंतपणाची रजा संपवून मी नुकतीच वन-नॉर्थच्या ऑफिसात परत रुजू झाले होते, आणि संध्याकाळी पुंगोलच्या घरी आले की सासूबाई पोरीला पायावर घेऊन बसलेल्या असायच्या. मी चहा ठेवायचा आणि प्रश्न सुरू करायचे. डुक्कर अंधारात दिसतं कसं? "दिसत न्हाई. आदी ऐकू येतं, मग वास येतो, दिसतं शेवटाला." भीती नाही वाटत? "वाटती की. भीती न्हाई वाटली तर झोप लागंल." गोळी सुटल्यावर काय होतं? "कान बंद व्हत्यात आणि लई एकटं वाटतं." मी कप हातात धरून बसून राहायचे आणि चहा गार व्हायचा.

माझ्या नवऱ्याला आईचा नेम चुकण्याचा प्रश्न सोपा वाटला. तो आयटीतला मॅनेजर, आणि जगातली कुठलीही अडचण वर काहीतरी जोडलं की सुटते यावर त्याची श्रद्धा. त्याच्या सायकलला तीन दिवे, वेग मोजायचं यंत्र आणि जर्मन सीट होती. सायकल चालायची महिन्यातून एकदा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. त्याने इंटरनेटवर शिकाऱ्यांच्या गप्पा वाचायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात त्याला सगळं यायला लागलं. "आई, रायफल जुनी झालीय. वर दुर्बीण बसवू. नळीच्या टोकाला दणका कमी करायचं एक येतं, ते लावू. चाप हलका करून घेऊ. मग बघ."

"आणि अंधारात दुर्बिणीतून काय बघू? अंधार मोठा दिसंल," सासूबाई म्हणाल्या.

तरी तो एका शनिवारी बीच रोडवरच्या लष्करी सामानाच्या दुकानांत जाऊन आला. दुर्बिणीचं नाव काढताच दुकानदार म्हणे परवाना दाखव, आणि असा काही रोखून बघायला लागला की आमचे साहेब एक पाण्याची बाटली आणि मोज्यांचे दोन जोड घेऊन परतले. मी इतकी हसले की पोरगी दचकून उठली. तो चिडला. म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?" मला काही कळत नव्हतं हे खरं, पण असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हटलं, थांब, आता कळूनच घेते.

आमच्या ऑफिसात न्यूझीलंडचा एक सहकारी होता. दर वर्षी रजा काढून घरी जायचा आणि हरणाच्या शिकारीला डोंगरात शिरायचा. त्याला मी दुपारी जेवायला खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमध्ये गाठलं. मी दहीभाताचा डबा उघडून बसले आणि विचारलं, तू तुझ्या रायफलवर काय काय चढवलंयस? त्याचा चेहरा असा फुलला, जणू मी त्याच्या लेकरांचे फोटो मागितले. दुर्बीण, खांद्याला टेकवायचा हलका दस्ता, नवा चाप, नवा पट्टा, नळी टेकवायला दोन पाय, सगळं त्याने जेवायच्या काड्यांनी टेबलावर मांडून दाखवलं. मी विचारलं, यातल्या कशामुळे हरणं जास्त मिळाली? त्याने काड्या उचलून परत नूडल्समध्ये खोचल्या. मग म्हणाला, खरं सांगू? बूट. चांगले बूट घेतल्यापासून मी आणखी एक डोंगर चढू शकतो. बाकीचं निम्मं हरणासाठी नाही, माझ्यासाठी आहे. हिवाळ्यात काही करायला नसतं ना.

मला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडायला लागला. पण सासूबाईंना बूट देऊन भागणार नव्हतं. त्या शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून नेम धरतात आणि चुकतात. मग चूक कुठे आहे?

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. आमच्याकडे एक शिस्त असते. बिघाड झाला की आधी हात लावायचा नाही, आधी विचारायचं: कधी होतो, कसा होतो, दर वेळी तसाच होतो का? हे मी ऑफिसात रोज करत होते, आणि घरी मात्र तीन महिने नुसत्या गोष्टी ऐकत बसले होते! एका रविवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी कपडे वाळत घालत होत्या. तिथे कपडे बांबूवर घालून तो बांबू खिडकीबाहेर खोचायची पद्धत. मी त्यांना विचारलं, "आई, नेम चुकतो तेव्हा गोळी जाते कुठे?"

"डावीकडं."

"दर वेळी?"

"दर टायमाला. मातीत भोक दिसतं की सकाळी."

"आणि दणका खांद्याला जोरात लागतो?"

"खांद्याला कुठला? दंडाला." त्यांनी पदर सारून दाखवलं. खांद्याच्या बरीच खाली, दंडाच्या मांसल भागावर बोट ठेवलं. "हितं. महिनाभर काळंनिळं असतंय."

शिकारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कुणालाही कळलं असतं की बंदूक खांद्याला टेकवतात, दंडाला नाही. मी त्यांच्या हातातला बांबू काढून घेतला, त्यावरचं नवऱ्याचं बनियन बाजूला टाकलं आणि म्हटलं, "डोळे मिटा. शेतावर बसलाय समजा. रायफल धरता तशी हा धरा."

त्यांनी धरला. पाच फुटांची ती बाई, एका क्षणात तिचं सगळं अंग बदललं. पण मान पुढे ताणलेली, उजवा हात लांबवलेला, आणि बांबूचं मागचं टोक खांद्याच्या खळीत बसतच नव्हतं, घसरून दंडावर आलेलं, त्यामुळे पुढचं टोक डावीकडे वळलेलं. जिथे त्यांचं बोट चाप ओढायला वळलं तिथे मी कपड्यांचा एक चिमटा लावला. मग म्हटलं, "आता कुणाचीच रायफल नाही. तुम्हाला बरं वाटेल तसा धरा." त्यांनी डोळे न उघडता बांबू हातातून अलगद पुढे सरकवला. टोक खांद्यात बसलं, मान सरळ झाली, गाल लाकडावर टेकला. बोटाच्या त्या नव्या जागी मी दुसरा चिमटा लावला.

दोन चिमट्यांमध्ये तीन बोटांचं अंतर होतं.

सासरे सहा फुटांचे होते. त्यांनी रायफल घेताना दस्ता स्वतःच्या हाताला लांब करून घेतला होता, हे सासूबाईंनीच मग सांगितलं. "शिकवताना ते म्हणायचे, सवय हुईल. मला वाटलं, हुईल. त्यांची रायफल, त्यांचं माप. मी कोण त्यात बोलणार?" त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. मला संताप आला, कुणाचा ते नीटसं सांगता येणार नाही. इतकी वर्षं त्या बाईने दंड काळानिळा करून घेतला, आणि गावाने ठरवलं की बाईमाणसाला नेम धरता येत नाही.

नवरा पेपर घेऊन दारात उभा होता. मी त्याला ऐटीत सांगितलं, "हे बघ, काही जोडायचं नाही. दस्ता तीन बोटं कापायचा. झालं!"

त्याने पेपर खाली टाकला. "बाबांची रायफल कापायची? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? त्या लाकडावर बाबांच्या गालाने पॉलिश गेलंय, माहितीय तुला?" आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं. सासूबाई बनियन परत बांबूवर चढवायला लागल्या.

त्यानंतर घरात अबोला. तो माझ्याशी बोलेना, मी त्याच्याशी बोलेना, आणि सासूबाई दोघांशी भाजीपुरतं बोलायच्या. मला वाटत होतं, त्या माझ्या बाजूने तरी एक शब्द टाकतील. एकदा मी विचारलंच, "आई, तुम्हाला नाही वाटत कापावं?" लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, "कापलं की जोडता येत न्हाई बाई. त्यांचा हात फिरलाय त्याच्यावरनं. मला बी वाटतं की काही." मापाचं मला कळलं होतं, पण ह्याला माप नव्हतं.

मग काकांचा फोन आला. कॉलिंग कार्ड खरवडून आम्हीच दर आठवड्याला लावायचो, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः केला, म्हणजे काम महत्त्वाचं. स्पीकरवर ठेवला होता. परवान्याचे कागद तयार करतोय म्हणाले. "वहिनी, तू आलीस की सही कर, बस. आणि ती रायफल मला बसती गं बरोबर. दादाची नि माझी उंची एकच. ठाण्यात मी हातात घिऊन बघितली परवा." सासूबाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. काका वाईट नव्हते, अजिबात नाही. त्यांचाही भुईमूग डुकरं खातच होती. पण माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं पोरीला बाबागाडीत घालून एलआरटीच्या छोट्या रेल्वेने निघालो होतो. तिला लस द्यायची होती, म्हणून अबोल्यातही सोबत जाणं भाग होतं. ती छोटी गाडी इमारतींच्या मधून वळणं घेत जात होती, आणि मला राहवेना. मी म्हटलं, "काका काय म्हणाले ऐकलंस ना? त्यांना बसते. आहे तशी ठेवलीस तर ती रायफल काकांच्या मापाची आहे, आईच्या नाही. तू बाबांची रायफल जपत नाहीयेस रे. तू ती काकांसाठी जपून ठेवतोयस."

त्याने पोरीचं टोपडं नीट केलं. समोरच्या बाकावरची चिनी आजी आमच्याकडे बघत होती, तिला भांडण आहे हे भाषा न कळताही कळलं असणार. मग तो म्हणाला, "आणि कापूनही नेम नाही लागला तर?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

गणपतीच्या आधी सासूबाई परत निघाल्या, आणि त्यांना सोडायला नवरा रजा काढून गेला. मला रजा नव्हती. काय होणार हे दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही, आणि मी पहिल्यांदाच विचारलं नाही. आठ दिवस ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. न्यूझीलंडवाला रोज विचारायचा, कापली का?

फोन आला तो नवऱ्याचा. त्याने सांगितलं ते असं. काकांच्या मापाचं माझं बोलणं त्याने आईला विमानातच सांगितलं होतं. ठाण्यातून रायफल सोडवून आणली. सासूबाईंनी सुताराला घरी बोलावलं. काका ओसरीवर येऊन बसले, सहीचे कागद खिशात. सुताराने पेन्सिलीने रेघ मारली, करवत उचलली आणि खाली ठेवली. म्हणाला, दादांच्या वस्तूला माझा हात धजत न्हाई. काका म्हणाले, बघा, परका माणूससुद्धा नको म्हणतोय. तेव्हा सासूबाई मुलाकडे वळल्या.

"परक्याच्या हातानं मला बी नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाची हाय. तू काप."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कापली." तो म्हणाला, "आईने दस्ता धरला होता. मला रेघ दिसत नव्हती गं, डोळ्यांत पाणी. ती सांगत होती, सरळ जा, सरळ जा."

दस्त्याच्या मागची पत्र्याची पट्टी परत बसवून झाल्यावर सासूबाईंनी रायफल खांद्याला लावली. पहिल्यांदा ती जिथे बसायला हवी तिथे बसली. मग त्यांनी ती आपण होऊन दिरांच्या हातात दिली, बघा म्हणाल्या. काकांनी खांद्याला लावली तर कोपर बरगडीत शिरलं आणि नाक अंगठ्यावर आपटलं. त्यांनी दोनदा करून बघितलं, आणि गुपचूप परत केली. सहीचे कागद खिशातच राहिले. पण उठताना म्हणालेच, "दस्ता कापला म्हणून डुक्कर पडत न्हाई वहिनी. हंगामात बघू."

ते खोटं नव्हतं. दोन महिने मी काळजीत काढले. आता रायफल काकांनाही निरुपयोगी झाली होती. नेम चुकला असता तर सगळ्या गावाने म्हटलं असतं की शहरातल्या सुनेने चांगली वस्तू वाया घालवली, आणि माझ्या नवऱ्याने तोंडाने म्हटलं नसतं तरी मला दिसलं असतं. रात्री सासूबाई माळ्यावर एकट्या बसल्या असतील या विचाराने मला सिंगापुरात अठराव्या मजल्यावर झोप लागायची नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी ऑफिसला निघत होते आणि फोन वाजला. सासूबाई स्वतः होत्या. आधी नातीचं विचारलं, दात किती आले, सर्दी गेली का. मी म्हटलं, "आई, ते राहू द्या. आधी सांगा!"

"दोन पडली," त्या म्हणाल्या. "एक परवा, एक काल."

मी उघडलेलं दार परत लावलं. "आणि दंड?"

"काय बी न्हाई. खांदा जरा दुखतोय, त्यो दुखायचाच." मग म्हणाल्या, "मगाशी तुझे काका आलते. दारातच हुबं ऱ्हायले. म्हणाले, वहिनी, आज आमच्या भुईमुगाकडं बसायला येतीस का?"

"मग? काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणायचं? म्हटलं, येते की. तू डबा वाजवून हाकारा घाल, रायफल मी धरते."